अण्णांचे केमिकलचे शेअर्स ठेवायचे की विकायचे?

वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाची शेअर सर्टिफिकेटं ज्यांच्या कपाटात पडून आहेत, आणि ‘ह्याचं करायचं काय’ हा प्रश्न दर दिवाळीच्या साफसफाईत वर येऊन परत फाईलमध्ये जातो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडे दोन कामं एकात एक गुंतली होती. शेअर्स आईच्या नावावर करून डिमॅटमध्ये, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात, आणायचे होते, आणि ते ठेवण्यासारखे आहेत का हे ठरवायचं होतं. पहिल्या कामात कागद फार, दुसऱ्यात डोकं फार. कंपनीचं नाव देत नाही. नाव दिलं की वाचणारा तो शेअर घ्यावा की नाही एवढंच बघतो, आणि मला पद्धत सांगायची आहे.

आमचे अण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. साखर काढल्यावर उरते ती मळी, आणि तिच्यापासून डिस्टिलरीत अल्कोहोल बनतं. १९९३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने मळीवरचं आणि अल्कोहोलच्या किमतीवरचं नियंत्रण उठवलं, आणि पुढच्याच वर्षी अण्णांनी ह्या कंपनीच्या पब्लिक इश्यूत २०० शेअर्स घेतले. कंपनी अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट बनवते. शाई, रंग, चिकटद्रव्यं, औषधं अशा सगळ्या धंद्यांत लागणारा हा सॉल्व्हंट. नेलपॉलिशची बाटली उघडली की येतो तो वास त्याचाच असतो. पुढे जुन्या भागधारकांसाठीच्या राइट्स इश्यूत हक्काचे ५० मिळाले, मग एकास एक बोनस, असे एकूण ५०० झाले. सगळे कागदी. फाईलमध्ये पहिल्या सर्टिफिकेटला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी होती. अण्णांच्या अक्षरात, पेन्सिलने: ‘मळी स्वस्त. अल्कोहोलला गिऱ्हाईक नाही. ह्यांना माल कायम मिळणार.’ शेअर्स घेण्याचं कारण त्यांनी तीन वाक्यांत लिहून ठेवलं होतं. पुढे सगळा विचार मी ह्या चिठ्ठीवरूनच केला.

२०१९ मध्ये अण्णा गेले. त्यांचं बँक खातं बंद झालं आणि तिथे जमा होणारा डिव्हिडंड अडकला. त्याकडे लक्ष गेलं ते २०२४ च्या नोव्हेंबरात, दादा पुण्याहून दिवाळीला आला तेव्हा. मी वाचायला बसले आणि पहिली गोष्ट कळली ती वेळेची. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही, तर कंपनी कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे तो डिव्हिडंडच काय, शेअर्ससुद्धा सरकारच्या आयईपीएफ ह्या निधीकडे जातात. तिथून ते परत मिळतात, पण आयईपीएफ-५ फॉर्म, कंपनीची पडताळणी, निधीची मंजुरी असा तो वेगळाच रस्ता आहे. आमच्या हातात अजून थोडा अवधी होता. तुमच्या फाईलमध्ये शेवटचा डिव्हिडंड कधी जमा झाला हे आधी पासबुकात बघा. तिथूनच घाई किती करायची ते कळेल.

कागदी शेअर्स १ एप्रिल २०१९ पासून बाजारात विकता येत नाहीत. मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करून घेता येतात, पण नवीन सर्टिफिकेट मिळत नाही. आमच्या वेळी, २०२५ मध्ये, रजिस्ट्रार (कंपनीच्या वतीने भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) एक पुष्टिपत्र द्यायचा, ते १२० दिवसांच्या आत आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे जिथे डिमॅट खातं आहे त्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, देऊन शेअर्स डिमॅटमध्ये घ्यायचे. म्हणजे डिमॅट खातं आधी लागतं. डिसेंबरात आईचं खातं उघडलं. आई सत्तरीची, मोबाईलवर ओटीपी येतो म्हटलं तरी धास्तावते. एका दुपारी शांतपणे बसून दोघींनी ते केलं. त्या खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, शिक्क्यासह मागून ठेवा, पुढे ती लागतेच.

कागदांचं थोडक्यात सांगते. सर्टिफिकेटवर ज्या रजिस्ट्रारचा पत्ता असतो तो आता बहुतेक वेळा बदललेला असतो. सध्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात मिळतो. त्यांना सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर देऊन ईमेल केला की लागणाऱ्या कागदांची यादी येते. आमच्या यादीत वारसाहक्काचा आयएसआर-५, केवायसीचा आयएसआर-१, सहीच्या पडताळणीचा आयएसआर-२, साक्षांकित मृत्यू दाखला, आईचं पॅन, नाव छापलेला रद्द चेक, नुकसानभरपाईचं बंधपत्र आणि आम्हा दोघा भावंडांचं ना-हरकत असं सगळं होतं. नॉमिनी नव्हता. पण एका कंपनीतल्या कागदी शेअर्सची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. आमचे साडेतीन लाखांच्या आसपास होते, त्यामुळे ती मोठी पायपीट वाचली.

बंधपत्रासाठी मी शंभराचा स्टॅम्प पेपर मागितला, तर वेंडर म्हणाले, ‘ताई, शंभरचा आता चालत नाही.’ ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कामांना ५०० रुपयांचा लागतो. सांगलीत विजयनगरला कोर्टाच्या बाहेर नोटरी आहेत. तिथे जाताना सगळ्यांची मूळ ओळखपत्रं बरोबर न्या आणि दादासारखा कोणी परगावी असेल तर तो आलेला असताना एकाच दिवशी सगळ्या सह्या उरकून घ्या. सगळ्यात जास्त वेळ गेला तो आयएसआर-२ ला. त्यावर बँकेच्या अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि कर्मचारी क्रमांक लागतो. आईच्या शाखेत हा फॉर्म कोणी पाहिलेला नव्हता. ‘आमच्याकडे असं काही करत नाहीत’ हे पहिलं उत्तर. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नमुना छापून नेला, पासबुक दाखवलं, महिन्याच्या मधल्या, गर्दी नसलेल्या दिवशी गेले आणि मॅनेजर मॅडमना शांतपणे समजावून सांगितलं, तेव्हा झालं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांच्या रांगेत हे काम घेऊन जाऊ नका.

जानेवारी २०२५ मध्ये सगळं स्पीड पोस्टाने पाठवलं. फेब्रुवारीत आक्षेपाचं पत्र आलं: सर्टिफिकेटवर अण्णांचं नाव आद्याक्षरांसह, मृत्यू दाखल्यावर पूर्ण, तेव्हा दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. पत्र वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तीस वर्षं कारखान्यात ह्याच नावानं पगार घेतला, आणि आता माणूस तोच का म्हणून विचारतायत.’ मी नोटरीकडे परत गेले. सर्टिफिकेटवरचं नाव, दाखल्यावरचं नाव, पॅनवरचं नाव ही तिन्ही आधी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र पहिल्याच पाकिटात घाला, आमचा महिनाभर असा गेला तो तुमचा जाणार नाही. उत्तर येतच नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते. आम्हाला ती वेळ आली नाही.

ह्या वाट बघण्याच्या महिन्यांत मी दुसरं काम सुरू केलं. शेअर्स हातात येतील तेव्हा त्यांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं, एवढी मनाची तयारी होती. आईचं म्हणणं सरळ होतं, ‘ह्यांनी घेतलेत, ते विकायचे कशाला?’ दादा म्हणत होता, सगळे विकून टाक, केमिकलचं काही खरं नाही. दोघांकडेही कंपनीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, शेअरबाजार मला कळत नाही. पण इथाइल ॲसिटेटचं समीकरण मला मांडता येतं, तेव्हा सुरुवात तिथून केली. ॲसिटिक ॲसिडचा रेणुभार ६०, अल्कोहोलचा ४६, दोन्ही मिळून ८८ चं इथाइल ॲसिटेट आणि १८ चं पाणी. म्हणजे एक टन माल करायला कागदावर ६८२ किलो ॲसिटिक ॲसिड आणि ५२३ किलो अल्कोहोल, आणि २०५ किलो पाणी बाहेर. प्रत्यक्षात थोडं जास्तच लागतं. ५२३ किलो अल्कोहोल म्हणजे सुमारे ६६० लिटर. ही वही घेऊन मी अण्णांच्या डिस्टिलरीतल्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे, मिरजेला गेले. काका आता निवृत्त आहेत. वही बघून खूष झाले आणि मग चिठ्ठी वाचून गप्प बसले.

‘पोरी, हे तेव्हा खरं होतं,’ ते म्हणाले. ‘अल्कोहोल घ्या म्हणून आम्ही ह्यांच्या मागं लागायचो. टाक्या भरलेल्या असायच्या. आता गळीत सुरू व्हायच्या आधीच तेलकंपन्यांचं टेंडर असतंय. टँकर तिकडं जातोय. ह्यांना कोण विचारतंय?’

ह्या एका वाक्याने माझं निम्मं काम केलं. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, मिसळलं जात होतं. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. ह्या अल्कोहोलचा भाव आता सरकार ठरवतं: २०२४-२५ च्या हंगामासाठी बी-हेवी मळीपासूनच्या (जिच्यात साखर अजून बरीच शिल्लक असते) इथेनॉलला लिटरला ६० रुपये ७३ पैसे, सी-हेवीच्या (साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीच्या) इथेनॉलला ५७ रुपये ९७ पैसे. कारखान्याला हमखास गिऱ्हाईक मिळालं, ऊसवाल्याला पैसे वेळेवर मिळू लागले, ते चांगलंच झालं. पण केमिकल कंपनीला आता निदान तेवढा तरी भाव मोजल्याशिवाय अल्कोहोल कोण देईल? ६६० लिटर गुणिले ६०, म्हणजे टनामागे ४० हजारांच्या घरात फक्त अल्कोहोलचे. लिटरमागे ५ रुपये वाढले की टनामागे ३३०० रुपये खर्च वाढला. आणि सरकारी धोरण एका रात्रीत फिरतं हे आपण सांगलीकरांनी ७ डिसेंबर २०२३ ला पाहिलंय, जेव्हा उसाच्या रसापासून इथेनॉल करायला ऐन हंगामात बंदी आली आणि अल्कोहोलची टंचाई झाली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली गेली.

दुसरा कच्चा माल ॲसिटिक ॲसिड. भारतात भरूचची जीएनएफसी ते बनवते, पण बहुतेक गरज आयातीवर भागते. जगात ते मुख्यतः मिथेनॉलपासून बनतं आणि सगळ्यात मोठी क्षमता चीनमध्ये आहे. कच्च्या मालांपैकी एकाचा भाव दिल्ली ठरवते, दुसऱ्याचा चीन, आणि तयार मालाचा भाव बाजार. ह्या तिघांच्या मधे जे उरतं त्याला ह्या धंद्यात स्प्रेड म्हणतात. कंपनी कितीही चांगली चालवली तरी स्प्रेड तिच्या हातात नसतो.

मग जुने वार्षिक अहवाल उघडले. हे शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. २०२१-२२ चा नफा बघून माझे डोळे फिरले, आधीच्या कुठल्याही वर्षाच्या दुपटीहून जास्त. कारण शोधलं तर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला हिमवादळ झालं होतं. तिथले ॲसिटिक ॲसिडचे मोठे कारखाने बंद पडले, जगभर भाव उसळले आणि ज्यांच्याकडे आधीचा स्वस्त साठा होता त्यांची चांदी झाली. पुढच्या वर्षी नफा परत जागेवर आला. पण शेअरचा भाव त्या उसळीच्या आठवणीवर अजून तरंगत होता. कोणी ‘हा शेअर पूर्वी ह्याच्या दुप्पट होता, स्वस्त मिळतोय’ असं सांगितलं, तर ते पूर्वीचं वर्ष कुठलं आणि तेव्हा काय घडलं होतं, हे आधी विचारा.

अहवालात मी नफ्याच्या आकड्यापेक्षा जास्त वेळ तीन ठिकाणी घालवला. एक म्हणजे रोकड प्रवाहाचं पान. नफा दिसतो पण धंद्यातून रोख येते का? ह्या कंपनीत येत होती, गिऱ्हाईकांकडून पैसे यायला लागणारे उधारीचे दिवसही वाढले नव्हते. हे बघून बरं वाटलं. मग टिपांमधलं ‘काम चालू असलेलं भांडवल’, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या प्रकल्पात घातलेला पैसा. तिथे मोठी रक्कम अडकलेली होती. स्पेशालिटी केमिकल्सचा (खास उपयोगाच्या रसायनांचा) नवा प्लँट, जो दर वर्षीच्या अहवालात ‘पुढील वर्षी सुरू होईल’ असा होता, आणि त्यासाठी घेतलेलं कर्ज. तिसरं, संभाव्य देणी, म्हणजे आज नसलेली पण पुढे अंगावर येऊ शकतील अशी. त्यात करांचे जुने वाद होते, पण प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांच्या, दुसऱ्या कंपन्यांना दिलेल्या हमी नव्हत्या. प्रवर्तकांचे शेअर्सही तारण नव्हते. ते दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात दिसतं.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो मात्र वेगळाच कागद. क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्था कंपनीच्या कर्जाला रेटिंग देतात आणि त्यामागची कारणं दोन-चार पानांत आपल्या संकेतस्थळावर टाकतात. फुकट. त्यांना शेअर खपवायचा नसतो, बँकेचे पैसे परत येतील का एवढंच बघायचं असतं, म्हणून भाषा सरळ असते. आमच्या कंपनीबद्दल तिथे स्पष्ट लिहिलं होतं की कच्च्या मालाच्या भावातले चढउतार नफ्यावर येतात आणि नवा प्लँट लांबल्याने कर्जाचा भार वाढलाय. तीनशे पानांच्या अहवालात हेच वाक्य मला शोधून काढावं लागलं असतं. दुसरा असाच कागद पर्यावरण मंजुरीचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचं मंजुरीपत्र असतं, त्यात कुठलं रसायन किती टन बनवायची परवानगी आहे, सांडपाण्याचं काय करायचं, हे सगळं दिलेलं असतं. नवा प्लँट नुसता बोलण्यातला आहे की त्याला मंजुरी मिळालीय, हे तिथे कळलं. मिळाली होती. लक्ष्मी ऑरगॅनिक, ज्युबिलंट इन्ग्रेव्हिया ह्या इथाइल ॲसिटेट बनवणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांचे तिमाही निकाल आणि गुंतवणूकदारांबरोबरच्या कॉन्फरन्स कॉलच्या लेखी प्रतीही वाचल्या. एकाच तिमाहीत सगळे एकच रडगाणं गात असतील तर दोष धंद्याच्या चक्राचा, आणि आपलीच कंपनी रडत असेल तर तिचा.

हे चालू असताना ७ एप्रिल २०२५ आला. अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात २२०० अंकांहून जास्त पडला. आमचा शेअर काही दिवसांत शंभराहून जास्त रुपयांनी खाली आला आणि तो विकायचा म्हटलं तरी विकता येत नव्हता, कारण कागद रजिस्ट्रारकडे होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला सांगितलं नाही. सकाळी उठून वही काढली. समीकरणातलं काही बदललं होतं का? अल्कोहोलचा भाव तोच, प्लँट तिथेच. बदलला होता तो फक्त दर. मी बाजार बघणं महिनाभर बंद केलं.

एप्रिलच्या शेवटी पुष्टिपत्र आलं. डिमॅटचा अर्ज जोडून ते दिलं, आणि मे महिन्यात ५०० शेअर्स आईच्या खात्यात दिसले. अडकलेले डिव्हिडंडही रजिस्ट्रारने नंतर आईच्या खात्यात जमा केले. १ एप्रिल २०२४ पासून केवायसी पूर्ण असल्याशिवाय कागदी फोलिओचा डिव्हिडंड मिळत नाही, त्यामुळे आयएसआर-१ नीट भरलेला असणं महत्त्वाचं.

जूनमध्ये आई, दादा आणि मी बसलो. मी चिठ्ठी मधे ठेवली आणि सांगितलं की अण्णांनी ज्या कारणासाठी हे घेतले ते कारण आता राहिलेलं नाही. मळी स्वस्त नाही आणि अल्कोहोलला गिऱ्हाईक मिळालंय. अण्णा असते तर त्यांनी ही चिठ्ठी स्वतः खोडली असती, ते केमिस्ट होते, आकड्यांशी भांडायचे नाहीत. राहिला नवा प्लँट. तो चालला तर कंपनीचं गणित बदलेल, पण ते नवं कारण आहे आणि अजून सिद्ध व्हायचंय. अशा कारणासाठी आईचे किती पैसे ठेवायचे? आईला अण्णांच्या मागे ईपीएस-९५ ची तुटपुंजी पेन्शन आहे, बाकी ठेवी. त्यात हे साडेतीन लाख म्हणजे लहान रक्कम नव्हे. आई बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिली आणि म्हणाली, ‘सगळे नको विकू. पण मला दर तीन महिन्यांनी हातात काही येईल असं बघ.’

३०० विकायचे, २०० ठेवायचे असं ठरलं. हा आकडा करातून आला. सूचिबद्ध शेअर्सवरच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला १ लाख २५ हजारांपर्यंत कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. जुन्या शेअर्ससाठी ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, आणि वारसाने मिळालेल्या शेअर्सना वडिलांची खरेदी आणि वडिलांचा कालावधीच लागू होतो. त्या दिवशीचा भाव २६२ होता. जुलैत आम्हाला सरासरी ६४० मिळाले. शेअरमागे ३७८, तीनशेचे १ लाख १३ हजार ४००. मर्यादेच्या आत. पाचशे एकदम विकले असते तर वरच्या भागावर कर बसू शकला असता. विकताना आईच्या मोबाईलवर मंजुरीचा ओटीपी येतो, तो तिने स्वतः टाकला. दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात.

त्यातले १ लाख ९० हजार पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. व्याज ८.२ टक्के, तिमाहीला ३८९५ रुपये. पहिलं व्याज ऑक्टोबरात आलं.

उरलेल्या २०० ला नॉमिनी म्हणून दादाचं आणि माझं नाव घातलंय. नव्या प्लँटची खूण मी वहीत लिहून ठेवलीय: मार्च २०२६ च्या अहवालात ‘काम चालू’मधली रक्कम स्थिर मालमत्तेत गेलेली, म्हणजे प्लँट पूर्ण झालेला, दिसली पाहिजे आणि कर्ज आणखी वाढलेलं नको. तसं दिसलं नाही तर नव्या आर्थिक वर्षाची सवलत मोकळी असेल, तेव्हा हेही विकायचे. काकांना मी अहवाल आला की मिरजेला घेऊन यायचं कबूल केलंय.